अमेरिकेतला असायलमचा दावा आणि गोव्यातून जाणारे कागद

पेडण्यात, डिचोलीत, फोंड्यात कुणाचा तरी मुलगा किंवा बहीण अमेरिकेतल्या इमिग्रेशन कोर्टात असायलमसाठी, म्हणजे मायदेशातल्या छळापासून आश्रय मागण्यासाठी, उभी असते आणि इकडे घरी फोन येतो, "वकील म्हणतोय कागद पाठवा." कुठले कागद, कुणाचे, कसे लिहिलेले, ते कुणी नीट सांगत नाही. मग सरपंचाचं एक पत्र, आधारची झेरॉक्स आणि वर्तमानपत्राच्या कात्रणाचा अंधुक फोटो व्हॉट्सॲपवरून जातो. त्यामुळे खरा दावाही पुराव्याअभावी पडू शकतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, तिकडे दावा लढणाऱ्यांसाठी आणि इकडे कागद गोळा करणाऱ्यांसाठीही.

सिद्ध काय करायचं असतं ते आधी समजून घ्या. अमेरिकेचा 1980 चा निर्वासित कायदा 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या वापरतो. मायदेशी परतल्यास छळ होईल अशी रास्त भीती असली पाहिजे आणि त्या छळाचं कारण पाचांपैकी एक असलं पाहिजे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटात असणं. सिद्ध करण्याची मूळ जबाबदारी अर्जदारावर आहे. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे भीतीची पातळी फार वर नाही. 1987 च्या कार्डोझा-फोन्सेका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की छळाची शक्यता निम्म्याहून कमी असली तरी, अगदी दहात एक असली तरी, भीती रास्त ठरू शकते.

बहुतेक दावे अडतात ते कारणावर. 2005 च्या रिअल आयडी कायद्यानंतर पाचांपैकी एखादं कारण छळामागचं किमान एक केंद्रीय कारण आहे असं दाखवावं लागतं. नुसतं "मला मारतील" पुरत नाही, "का मारतील" याचा पुरावा लागतो. भाटकार-मुंडकाराचं (जमीनमालक आणि त्याच्या जागेत राहणारा यांचं) भांडण, कोमुनिदादच्या (गावच्या सामायिक मालकीच्या) जागेवरचा वाद, सावकाराची धमकी, भाऊबंदकी यांत जीव खरोखर धोक्यात असू शकतो, पण हे असायलमचं कारण होत नाही. मात्र त्याच जागेच्या वादात समोरचा माणूस "धर्म बदललास म्हणून गावात राहू देणार नाही" असं म्हणाला असेल, किंवा खाणीतल्या बेकायदा उपशाबद्दल जाहीर तक्रार केल्यावर हल्ला झाला असेल, तर चित्र बदलतं. अशा वेळी समोरच्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवा. तो नेमकं काय बोलला, कोणासमोर बोलला, कोणत्या भाषेत बोलला, यावरच हेतू ठरतो.

छळणारा सरकारी माणूस नसेल तर आणखी एक गोष्ट दाखवावी लागते: पोलिसांनी संरक्षण दिलं नाही किंवा त्यांना ते देता येत नव्हतं. सामाजिक गटाची व्याख्या तर सरकार बदललं की सैल होते नाहीतर आवळते. घरगुती हिंसा आणि खाजगी व्यक्तींकडून होणाऱ्या छळाबद्दलचा नियम 2018 मध्ये कडक झाला, 2021 मध्ये मागे घेतला गेला आणि 2025 मध्ये पुन्हा कडक झाला. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणाचा तरी दावा मंजूर झाला, त्याचाच मसुदा वापरू असं करू नका.

पोर्तुगीज नोंदणीचा प्रश्न

गोव्याच्या माणसाच्या दाव्यात हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो, आणि नेमका हाच मागे राहतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. अमेरिकेच्या कायद्यात याचा अर्थ फार गंभीर आहे. दोन देशांचं राष्ट्रीयत्व असलेल्या माणसाला दोन्ही देशांत छळाची भीती आहे असं दाखवावं लागतं. इमिग्रेशन अपील बोर्डाने 2013 च्या बी-आर प्रकरणात हेच ठरवलं. तो माणूस व्हेनेझुएला आणि स्पेन या दोन्ही देशांचा नागरिक होता. स्पेनची भीती नसल्याने तो निर्वासित ठरला नाही.

तेव्हा लिस्बनला नाव घातलेलं असेल तर भारतातला छळ कितीही खरा असला तरी सरकारी वकील विचारणार, पोर्तुगालला का जात नाही? नोंदणी अर्धवट असेल, आजोबांची झालीय पण नातवाची नाही, किंवा एजंटाकडे फाईल पडून आहे, तर हे सगळं पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा. अर्जात राष्ट्रीयत्वाचे प्रश्न आहेत. तिथे हे लपवलं आणि नंतर बाहेर आलं तर मूळ दाव्यावरचा विश्वासही जातो. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला जाऊन कायम राहण्याचा हक्क मिळवलेल्यांना आणखी एक अडथळा येतो: तिसऱ्या देशात पक्कं बस्तान बसलेल्याला असायलम मिळत नाही.

तारवटी

बोटीवर काम करणाऱ्यांचा रस्ता वेगळा असतो. क्रू म्हणून बंदरात उतरलेल्या माणसाला नेहमीची कोर्ट नोटीस मिळत नाही. त्याचं प्रकरण फॉर्म आय-863 ने न्यायाधीशाकडे जातं आणि तिथे फक्त असायलम, हद्दपारी रोखणं आणि छळविरोधी कराराचं संरक्षण एवढंच मागता येतं. मुख्य म्हणजे अर्जाचा फॉर्म हातात दिल्यापासून तो भरून द्यायला 10 दिवस असतात. सबळ कारण असेल तर मुदत वाढवून मागता येते, पण मागावी लागते.

शिवाय तारवट्याची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, सगळं बोलते. कधी साइन-ऑन, कधी साइन-ऑफ, दोन कॉन्ट्रॅक्टांच्या मध्ये किती महिने घरी होता, सगळं तिच्यात शिक्क्यांनिशी असतं. हल्ला झाला म्हणता त्या तारखेला तो बोटीवर होता असं दिसलं तर दावा तिथेच बसतो. हल्ल्यानंतर सुट्टीत गावी परत आला असेल तर "भीती होती तर परत का गेलात?" हा प्रश्न ठरलेलाच. आई आजारी होती, लपून दुसऱ्या तालुक्यात राहिलो, आठवड्यात निघालो, असं खरं उत्तर असेल तर ते अर्जातच लिहा आणि हॉस्पिटलचे कागद, तिकिटं जोडा. उलटतपासणीत पहिल्यांदा दिलेलं स्पष्टीकरण बनवलेलं वाटतं.

"पुण्याला का नाही गेलात?"

भारतातून आलेल्या दाव्यांत सरकारी वकिलाचं हे मोठं हत्यार आहे. एवढा मोठा देश, गोव्यात धोका आहे तर पुण्याला, बेळगावला, मुंबईला जाऊन राहा. इथे जबाबदारी कोणावर पडते ते आधी झालेल्या छळावर अवलंबून असतं. पूर्वी छळ झाल्याचं सिद्ध झालं की पुढेही होईल असं कायदा गृहीत धरतो आणि परिस्थिती बदलली आहे किंवा दुसरीकडे सुरक्षित व रास्तपणे राहता येईल हे सरकारला दाखवावं लागतं. पूर्वी छळ झालाच नसेल आणि धोका खाजगी लोकांकडून असेल, तर ते शक्य नाही हे अर्जदाराला दाखवावं लागतं. सुटी धमकी, एखादी शिवीगाळ हे सहसा छळ मानलं जात नाही. म्हणूनच मारहाण, डांबून ठेवणं, उपचार, नुकसान यांची एकत्रित नोंद फार महत्त्वाची असते.

बोर्डाच्या 2012 च्या एम-झेड-एम-आर निकालानुसार प्रश्न दोन टप्प्यांत पाहिला जातो. त्या ठिकाणी धोका नाही ना, आणि या विशिष्ट माणसाने तिथे राहणं रास्त आहे का? पहिल्यासाठी प्रत्यक्ष प्रयत्नांचा पुरावा द्या. सावंतवाडीला मावशीकडे गेलो तिथे माणसं विचारत आली असतील, तर मावशीचं आणि शेजाऱ्याचं शपथपत्र. पोलीस समोरच्यांना मिळालेले असतील तर भाडेकरू पडताळणीत नवा पत्ता पोलिसांपर्यंत पोचतो, हे स्पष्ट करून सांगा, न्यायाधीशाला ते आपोआप माहीत नसतं. दुसऱ्यासाठी वय, आजार, भाषा, लहान मुलं, एकटी बाई असणं, उपजीविकेची साधनं, सगळं मांडा.

जबाब, तारखा, नावं

कायदा म्हणतो की अर्जदाराची साक्ष विश्वासार्ह, पटणारी आणि पुरेशी तपशीलवार असेल तर ती एकटीही पुरू शकते. यावर विसंबू नका. त्याच कलमात पुढे आहे की न्यायाधीशाने पूरक पुरावा मागितला तर तो द्यावा लागतो. तो जवळ नाही आणि रास्त प्रयत्नाने मिळवताही येत नाही, हे दाखवलं तरच सूट. विश्वासार्हता ठरवताना विसंगती दाव्याच्या मुळाशी नसली तरी मोजता येते. सीमेवर दिलेला जबाब, व्हिसाचा अर्ज, असायलमचा फॉर्म आय-589, त्याला जोडलेलं निवेदन आणि कोर्टातली साक्ष, ही पाचही शेजारी शेजारी ठेवली जातात.

आपल्याकडच्या माणसांच्या विसंगती बऱ्याचदा खोटेपणातून येत नाहीत, नोंदींच्या सवयींतून येतात. काही ठरावीक जागा सांगतो. 05/08/2023 ही तारीख आपण 5 ऑगस्ट म्हणून लिहितो, तिकडे ती 8 मे वाचली जाते. महिना कायम अक्षरात लिहा. घरचा साक्षीदार "चवथीच्या दुसऱ्या दिवशी" असं लिहितो. त्या वर्षीची इंग्रजी तारीख कॅलेंडरमधून काढून सोबत द्या, पण त्याचे मूळ शब्द काढू नका. चुलतभावाला आपण भाऊच म्हणतो. साक्षीत "माझ्या भावाने सोडवलं" असं आलं आणि फॉर्ममधल्या भावंडांच्या यादीत तो भाऊ नाही, म्हणजे झालीच विसंगती. निवेदनात पहिल्यांदाच "काकांचा मुलगा" असं लिहा.

गावांचीही तीच गत. पेडणे एका कागदावर पेडणे असतं, दुसऱ्यावर पेर्नेम. डिचोली-बिचोलिम, सांखळी-सांकेलिम, काणकोण-कानाकोना, केपे-क्युपेम. टेक्सासमधल्या न्यायाधीशाला ही दोन-दोन वेगळी गावं वाटतात. आडनावांत तर पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग आजोबांच्या कागदावर, मराठी शाळेतलं वडिलांच्या आणि पासपोर्टवरचं नातवाच्या. यावर उपाय साधा आहे. एकाच पानाचं शपथपत्र करा, त्यात प्रत्येक नावाची आणि गावाची सगळी रूपं आणि ती कोणत्या कागदावर आहेत ते लिहा. हे पान पुराव्याच्या अगदी सुरुवातीला लावा.

दुभाषा कोर्ट मोफत देतं, पण भाषा तुम्ही सांगायची. घरी कोकणी आणि शाळेत मराठी शिकलेल्या माणसाने ताणाखाली, रडत असताना कोणती भाषा तोंडात येईल ती निवडावी. दुभाष्याचं समजत नसेल तर त्याच क्षणी बोला, म्हणजे ते रेकॉर्डवर येतं.

घरून काय पाठवायचं

नातेवाइकांच्या पत्रांना वजन कमी मिळतं, कारण त्यांना निकालात रस असतो असं कोर्ट मानतं. म्हणून त्यांच्याआधी तटस्थ कागद शोधा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली नोंदवली जाते, त्याआधीची फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 154 खाली. पोलिसांनी घेतली नसेल तर त्याच कलमानुसार तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. त्या तक्रारीची प्रत आणि स्पीड पोस्टची पावती हा स्वतःच मोठा पुरावा आहे, कारण संरक्षण मागितलं आणि मिळालं नाही हे त्यातून दिसतं. आज नव्याने तक्रार केल्यास घरच्यांना त्रास होणार असेल तर करू नका, पण का केली नाही ते शपथपत्रात लिहा.

मारहाणीनंतर गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), जिल्हा इस्पितळात किंवा आरोग्य केंद्रात नेलं असेल तर केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे रिपोर्ट काढा. जुने कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, आणि "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. कागद मिळवण्याचा प्रयत्न केला होता याचा तोच पुरावा. अंगावरच्या जुन्या व्रणांची तपासणी अमेरिकेतला डॉक्टर करून अहवाल देऊ शकतो.

सरपंचाचं पत्र बहुतेक वेळा "सदर इसम माझ्या परिचयाचा असून सुस्वभावी आहे" असं असतं. याने काहीच सिद्ध होत नाही. शपथपत्र देणाऱ्याने स्वतः काय पाहिलं, कुठे उभा होता, कोण कोण होते, काय ऐकलं, अर्जदाराला कधीपासून ओळखतो, एवढं लिहावं. ऐकीव गोष्ट असेल तर कोणाकडून ऐकली ते लिहावं. नोटरीसमोर सही, ओळखपत्राची प्रत आणि फोन नंबर. आणि कृपा करून एकाने लिहिलेला मजकूर पाच जणांनी उतरवू नये. अगदी वेगवेगळ्या अर्जदारांच्या प्रकरणांतल्या कागदांतलं लक्षणीय साम्यही विश्वासार्हतेविरुद्ध वापरता येतं, हे बोर्डाने 2015 मध्ये स्पष्ट केलंय. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलं, त्यात वेळेचा थोडा फरक आला, तरी ते अधिक खरं दिसतं. मूळ प्रती कुरियरने पाठवा आणि पाकीट व ट्रॅकिंगची पावतीही फाईलला लावा.

मराठी किंवा कोकणीतल्या प्रत्येक कागदाला, आणि जुन्या पोर्तुगीज दाखल्यांनाही, संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. शिक्के, हाताने लिहिलेले शेरे, सगळं त्यात आलं पाहिजे. सोबत भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र: मी दोन्ही भाषांत सक्षम आहे आणि भाषांतर खरं व अचूक आहे. प्रमाणपत्र नसेल तर कोर्ट तो कागद बाजूला ठेवू शकतं. अर्जदाराने स्वतः भाषांतर करू नये. 'नवप्रभा', 'गोमन्तक', 'तरुण भारत' यांतल्या बातम्या पाठवताना नुसतं कात्रण नको, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं पूर्ण पान स्कॅन करा.

घरच्यांना एक भीती असते की हे कागद भारत सरकारकडे जातील. असायलमच्या अर्जातली माहिती गुप्त ठेवण्याचा तिथे नियम आहे. ती मायदेशाच्या अधिकाऱ्यांना उघड करता येत नाही.

फॉर्म आणि मुदती

अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात अर्ज दाखल व्हायला हवा, आणि कधी आलो हेही अर्जदारानेच स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने दाखवायचं: आय-94 (अमेरिकेत प्रवेशाची सरकारी नोंद), पासपोर्टवरचा शिक्का, विमानाचं तिकीट. उशीर झाला तर बदललेली परिस्थिती किंवा असाधारण अडचण असे अपवाद आहेत, पण ती अडचण संपल्यावर रास्त वेळेत अर्ज केला पाहिजे. वर्ष उलटलं आणि अपवादही नाही, तर हद्दपारी रोखण्याची मागणी उरते. तिथे पट्टी वर जाते: धोका निम्म्याहून अधिक शक्य आहे असं दाखवावं लागतं, आणि मिळालं तरी ग्रीन कार्ड किंवा बायको-मुलांना आणण्याचा हक्क त्यातून येत नाही.

फॉर्म आय-589 मधला एकही रकाना मोकळा सोडू नका. लागू नसेल तर तसं लिहा. 2025 पासून, कायद्याला लागणारे मूलभूत मुद्दे अर्जातच नसतील तर न्यायाधीश साक्षीपर्यंत न जाता तो फेटाळू लागले आहेत. म्हणून "तपशील कोर्टात सांगू" हे आता चालत नाही. कारण, घटना, छळणारा कोण, पोलीस, दुसरीकडे राहणं, हे सगळं निवेदनात पहिल्या दिवसापासून हवं. त्याच वर्षीच्या कायद्याने अर्जाला 100 डॉलर फी लागली आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत दरवर्षी वेगळी फीही. ती भरल्याची पावती जपा.

पत्ता बदलला तर 5 कामकाजाच्या दिवसांत ईओआयआर-33 फॉर्मने कोर्टाला कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि तारीख चुकली तर गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम होतो, मग पुरावा कितीही भक्कम असो. अटकेत नसलेल्यांचा पुरावा साधारणपणे मुख्य सुनावणीच्या 30 दिवस आधी दाखल व्हावा लागतो, न्यायाधीशाने दुसरी तारीख दिली असेल तर ती पाळा. गोव्यातून कुरियर, भाषांतर, नोटरी धरून घरच्यांना किमान तीन-चार महिने आधी यादी द्या. पानांना सलग क्रमांक, सुरुवातीला अनुक्रमणिका, आणि एक प्रत सरकारी वकिलाला दिल्याचा दाखला.

सरकार वकील देत नाही, स्वतःच्या खर्चाने किंवा मोफत मदत करणाऱ्या संस्थांतून शोधावा लागतो. कोर्ट अशा संस्थांची यादी देतं. तयार गोष्ट विकणाऱ्या एजंटांपासून मात्र घरच्यांनी पोरांना हात धरून लांब ठेवावं. जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं ठरलं तर इमिग्रेशनचे जवळजवळ सगळे लाभ कायमचे बंद होतात. ज्याच्याकडे खरी, थोडी विस्कळीत, पण स्वतःची हकिकत आहे त्याला कुणाचीतरी सफाईदार हकिकत देऊन बुडवलं जातं, याची मनापासून चीड येते.

निकाल अनेकदा त्याच दिवशी तोंडी दिला जातो आणि न्यायाधीश दोन्ही बाजूंना विचारतात, अपिलाचा हक्क सोडता की राखून ठेवता. दमलेला माणूस मान हलवून मोकळा होतो आणि हक्क गमावतो. "राखून ठेवतो" असं स्पष्ट सांगा, अपिलाची शेवटची तारीख तिथेच लिहून घ्या, आणि ध्यानात ठेवा की त्या तारखेपर्यंत कागद बोर्डाच्या हातात पोचलेला असावा लागतो, नुसता पोस्टात टाकून भागत नाही.